एकवीस मिनिटांवरचं गाव

त्या सकाळी अचूकरावांनी एक्केचाळीस गावांचा निकाल लावला, तोही टेबलावरचा चहा गार व्हायच्या आत.

आरोग्य खात्याच्या वरच्या मजल्यावरून नियम आला होता, की शहरातले मोठे रुग्णालय ज्या गावापासून तीस मिनिटांच्या आत आहे, तिथला छोटा दवाखाना अनावश्यक समजून बंद करावा. सोबत डोंगरापलीकडच्या एक्केचाळीस दवाखान्यांची यादी होती. गावाचे नाव, लोकसंख्या, खाटा असे सगळे रकाने भरलेले होते. 'लागणारा वेळ' हा एकच रकाना कोरा होता. दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने गावोगावी पत्रे पाठवली असती, उत्तरांची वाट बघितली असती आणि वर्षभर त्याचे घोडे तिथेच पेंड खात बसले असते. अचूकरावांनी संगणकावर एक पान शोधून काढले. एका चौकोनात शहराचे नाव लिहायचे, दुसऱ्यात गावाचे, की ते पान क्षणात सांगे: अंतर एकशे सत्त्याऐंशी किलोमीटर, उड्डाणवेळ एकवीस मिनिटे. पुढचे गाव सतरा मिनिटे. त्याच्या पुढचे सव्वीस. तीसच्या वर एकही गेले नाही.

अचूकराव हे अर्थातच खरे नाव नव्हे. ते कार्यालयाने ठेवलेले होते, कारण दुसऱ्याच्या कागदावरचा निसटलेला अनुस्वार त्यांना तीन टेबलांवरून दिसे. स्वतःच्या कागदात चूक असू शकते, ही शक्यता मात्र त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी निकालात काढली होती.

"साहेब," यादी टाइप करता करता लिपिक बाई थांबल्या. त्या वीस वर्षे त्याच खुर्चीवर होत्या आणि या काळात त्यांच्यासमोरून अकरा साहेब येऊन गेले होते. "हे विमानाचं आहे."

"मग? पेशंट काय बैलगाडीनं आणायचा? कुठल्या शतकात आहात?"

"पण तिथं विमान उतरतं का?"

"तो प्रश्न दुसऱ्या खात्याचा. आपला रकाना वेळेचा आहे, विमानाचा नाही."

लिपिक बाईंनी उरलेली यादी टाइप केली. उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब त्यांनी अनेक पाहिले होते, विमानातून हाकणारा पहिलाच.

यादीवर सही झाली आणि महिनाअखेरीला एक्केचाळीस दवाखान्यांना बंदचे हुकूम गेले. चौथ्या दिवशी अचूकरावांचा फोन वाजला. पलीकडून एका बाईचा आवाज, मध्ये मध्ये वारा.

"साहेब, मी त्या एकवीस मिनिटांच्या गावातून बोलतेय. दवाखान्याची सिस्टर."

"बोला."

"बोलते, पण लवकर बोलते. टेकडीवर आले की फोन लागतो आणि टेकडीवर जास्त वेळ उभं राहवत नाही. साहेब, एकवीस मिनिटांत मी इथनं ओढ्यापर्यंत जाते. तेही उतार आहे म्हणून."

"बाई, तुमचं घड्याळ दुरुस्त करून घ्या."

"घड्याळ बरं आहे साहेब. तुम्ही एकदा येऊन—"

वाऱ्याने पुढचे वाक्य नेले. अचूकरावांनी फोन ठेवला आणि लिपिक बाईंना सांगितले, "खेड्यातल्या माणसांना वेळेचं भानच नसतं."

सिस्टरला मात्र वेळेचे आणि नियमांचे दोन्ही भान होते. तिने सरळ संचालकांना लेखी हरकत पाठवली. हरकत आली, की वेळेचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यानेच आठ दिवसांत जातीने जाऊन पाहणी करायची, असा नियम होता. तो नियम कोणी वाचत नसे, म्हणून कोणी कधी गेले नव्हते. संचालकांनी तो वाचला, कारण त्या दिवशी त्यांच्यासमोर दुसरे काही वाचायला नव्हते.

"उद्या जाऊन या," ते म्हणाले.

"उद्या? सर, उद्या तीन वाजता आपली बैठक—"

"एकवीस मिनिटं जायला, एकवीस यायला. तासभर पाहणी धरा. जेवायच्या सुट्टीआधी परत याल." आणि चष्म्यावरून बघत त्यांनी विचारले, "की काही अडचण आहे?"

अडचण आहे म्हणावे, तर खाली स्वतःचीच सही होती. अचूकराव म्हणाले, "छे! अडचण कसली?"

संध्याकाळी घरी बायको म्हणाली, "सोबत डबा देते आणि दोन कपडे भरते."

"एकवीस मिनिटांच्या प्रवासाला डबा?"

"माझ्या भावाच्या घरी जायला निघालो होतो, तेव्हा दोन तास गल्ल्या फिरवल्यात. पायी दहा मिनिटांवर घर त्याचं."

"त्याचा पत्ता चुकीचा होता."

"तो त्या घरात जन्मलाय हो!"

अचूकरावांनी डबा नेला नाही. कपडेही नेले नाहीत. एक चामडी पिशवी, तिच्यात फाईल, आणि पायात नवे काळे बूट, एवढा सरंजाम घेऊन ते सकाळी आठ वाजता विमानतळावर गेले. जिथे उड्डाणवेळ आहे तिथे उड्डाण असणारच, नाहीतर ती वेळ कशाची, असा त्यांचा बिनतोड हिशेब होता.

खिडकीतल्या मुलीने गावाचे नाव दोनदा ऐकले, एकदा लिहून घेतले आणि आतल्या माणसाला विचारून आली.

"सर, तिथं आमचं विमान जात नाही."

"कसं जात नाही? एकवीस मिनिटांत जातं. माझ्याकडे कागद आहे."

मुलीने कागद बघितला. "वेळ बरोबर आहे सर. आमची सव्वानऊची फ्लाइट त्या गावावरूनच जाते. उजवीकडची खिडकी दिली तर दिसेलही तुम्हाला."

"मग तिथं थांबत का नाही?"

"सर, ते विमान आहे. हात दाखवला की थांबायला ती काय रिक्षा आहे?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसले. अचूकरावांनी कागदाची काळजीपूर्वक घडी घातली. परत कार्यालयात जाऊन 'विमान नाही' असे सांगण्याचा एक सरळ मार्ग होता. पण त्या मार्गावर लिपिक बाईंचे टेबल होते. ते रेल्वे स्टेशनाकडे वळले.

रेल्वे साडेपाच तास चालली. जिथे ती संपली, तिथून सुटणारी बस निघून गेली होती आणि पुढची सकाळी होती. अचूकरावांनी स्टेशनजवळच्या एका खोलीत मुक्काम केला. तिथल्या पलंगावर त्यांच्याआधीपासून ढेकणांची वस्ती होती आणि ती बंद करण्याचा अधिकार त्यांच्या खात्याला नव्हता. सकाळच्या बसने तीन तासांत त्यांना एका तिठ्यावर सोडले. तिथे एक जीप उभी होती आणि जीपच्या सावलीत ड्रायव्हर पालथा झोपला होता.

"कधी सुटणार?" अचूकरावांनी विचारले.

"भरली की."

"भरायला किती वेळ लागतो?"

"माणसं आली की भरते."

"अरे, पण वेळापत्रक काही असेल ना?"

ड्रायव्हरने एक डोळा उघडून त्यांच्या बुटांपासून टायपर्यंत बघितले. "आहे ना. भरली की सुटते, हेच वेळापत्रक. आजवर एकदाबी चुकलं नाही."

जीप भरायला अडीच तास लागले. अचूकराव सर्वांत आधी आले होते म्हणून त्यांना सर्वांत आतली जागा मिळाली, आणि मागून आलेल्या तेरा माणसांनी त्यांना तिथे नीट ठोकून बसवले. जीपने पुढचा सव्वा तास त्यांची हाडे मोजली आणि एका दगडी चढाच्या पायथ्याशी रस्ताच संपला. इतर सगळे वाटेत उतरले होते. उरले अचूकराव आणि एक म्हातारी, काठीसारखी वाळलेली, डोक्यावर गाठोडे.

"वर जायचं ना?" म्हातारीने विचारले. "चल. आण ती पिशवी."

"नको आजी, मी घेतो."

"तुझ्या त्या बुटांनी तुला वर नेलं तरी पुष्कळ झालं. पिशवी दे."

पहिल्या वळणावर अचूकरावांनी टाय सोडला, दुसऱ्यावर कोट काढला, तिसऱ्यावर अभिमान. म्हातारी दर पन्नास पावलांवर थांबून त्यांची वाट बघे, जशी एखादी आई मागे रेंगाळणाऱ्या पोराची बघते.

"तुम्ही शहरात कशाला गेला होतात, आजी?" दम लपवायला काहीतरी बोलायला हवे म्हणून त्यांनी विचारले.

"डोळे दाखवायला. पोचायला दोन दिवस, यायला दोन. डॉक्टर म्हणाला, परत सोमवारी या. मी म्हटलं, कुठल्या सोमवारी, ते तूच माझ्या पायांना विचार." ती खुदकन हसली. "आणि ऐक गंमत. आमची सिस्टर सांगत होती, तिथं शहरात एक शहाणा खुर्चीत बसलाय. त्याच्या हिशेबानं मी एकवीस मिनिटांत शहरात पोचते! भेटला ना कुठं, तर विचारणार आहे. म्हणणार, बाबा, तुझं मिनिट केवढं असतं रे? दाखव तरी!"

अचूकराव खाली बघून चालू लागले.

"तू कोणत्या कामाला आलास?"

"मी... पाहणीला. दुसऱ्या कक्षाकडून."

"मग तुझी त्याची ओळख असेल की."

"विशेष नाही," अचूकराव म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतःबद्दल असे नम्रपणे बोलून दाखवले.

गावाची घरे दिसू लागली तेव्हा दिवस कलला होता. शेवटचा चढ उरला होता आणि अचूकरावांचे पाय 'आता पुढे नाही' म्हणत होते. वाटेच्या कडेला रचलेल्या दगडांच्या बांधावर ते बसले आणि तोल सावरायला त्यांनी उजवा हात मागे टेकला. हात दगडांच्या फटीत गेला. त्या फटीत एक विंचू राहत होता, आणि आपल्या घरात कोणी न विचारता हात घातला तर काय करायचे, याबद्दल त्याचा नियम स्पष्ट होता.

अचूकरावांनी जी किंकाळी फोडली, ती गावातल्या शेवटच्या घरापर्यंत पोचली. म्हातारीने हात बघितला, बांध बघितला, दगडाने विंचवाचा हिशेब केला आणि वरच्या दिशेने एकच हाक मारली. चार माणसे धावत आली. हात खांद्यापर्यंत पेटला होता, अंगाला पाण्यासारखा घाम सुटला होता, आणि छातीत कोणीतरी दार ठोठावत असावे तसे होत होते. चौघांनी त्यांना पोत्यासारखे उचलले आणि दवाखान्याच्या पडवीत आणून ठेवले.

सिस्टर आतून आली. तिने नाडी धरली आणि तिचा चेहरा गंभीर झाला.

"औषध... औषध आहे ना?" अचूकराव पुटपुटले.

"औषध आहे. कपाटात आहे. आणि कपाटाला शहरातल्या कक्षाच्या हुकमाचं सील आहे." हे बोलता बोलताच तिने पडवीतला वरवंटा उचलला होता. दोन घाव घातले, लाखेचे तुकडे उडाले, कडी तुटली. पुढच्या मिनिटाला गोळी अचूकरावांच्या तोंडात होती. त्या मिनिटाची लांबी अचूकरावांना पुढे जन्मभर अचूक सांगता आली असती.

दाराशी जमलेल्या माणसांपैकी एकजण काळजीने म्हणाला, "सिस्टर, यांना शहराच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं का?"

"नको!" अचूकराव खाटेवरून ओरडले. "नको हो! कुठं नेताय? वाटेत मरेन मी!"

ती रात्र सिस्टर दर थोड्या वेळाने नाडी बघत त्यांच्याजवळ बसून राहिली. सकाळी घाम थांबला, छातीतले दार बंद झाले, हाताची आग कोपराखाली उतरली. अचूकरावांना भूक लागली. सिस्टरने त्यांना पेज पाजली आणि मग एक जाडजूड रजिस्टर घेऊन समोर बसली.

"सील फोडलंय. नोंद करावी लागेल. कारण: तातडीचा रुग्ण, विंचूदंश. नाव सांगा."

अचूकरावांनी नाव सांगितले. सिस्टरची लेखणी जागच्या जागी थांबली. तिने उठून भिंतीवरचा बंदचा हुकूम काढला, त्याच्या खालचे नाव वाचले आणि परत येऊन बसली. ती हसली नाही, रागावलीही नाही. दोन्हीपैकी काहीतरी केले असते तर अचूकरावांना सोपे गेले असते.

"हुद्दा?" तिने विचारले.

"सिस्टर, हुद्दा नाही लिहिला तर चालणार नाही का?"

"रकाना आहे साहेब. मोकळा ठेवला की तुमचंच खातं नोटीस काढतं."

तिने हुद्दा लिहिला. दाराशी म्हातारी उभी होती. तिने सगळे ऐकले होते. आता ती विचारणार, म्हणून अचूकरावांनी डोळे मिटून घेतले. पण म्हातारीने फक्त त्यांची चामडी पिशवी उशाशी ठेवली. "पोराला आज उतरायला देऊ नका," ती सिस्टरला म्हणाली. "पाय बघा त्याचे, फोडांनी भरलेत."

पाचव्या दिवशी अचूकराव कार्यालयात परतले, उजवा हात गळ्यात, पायात कोणाच्या तरी चपला. संचालकांनी घड्याळाकडे आणि मग दिनदर्शिकेकडे बघितले.

"एकवीस मिनिटांच्या गावाला पाच दिवस?"

"सर, अहवालात कारण दिलंय. त्या गावाची प्रत्यक्ष वेळ सुधारून दोन दिवस केली आहे. दवाखाना आवश्यक आहे. अत्यंत आवश्यक आहे."

संचालकांनी सही केली आणि तो दवाखाना वाचला. लिपिक बाईंनी अहवाल फाईलला लावला आणि सहज विचारले, "साहेब, बाकीच्या चाळीस गावांचं काय?"

एवढ्या प्रवासाने, विंचवाने आणि पेजेने अचूकराव सुधारले असतील असे कोणाला वाटले असेल, तर त्याने सरकारी खुर्ची जवळून पाहिलेली नाही. चार दिवस तिच्यापासून लांब राहिलेला माणूस पुन्हा तिच्यात बसला, की दोन मिनिटांत पूर्ववत होतो.

"तिथून हरकत आलेली नाही," अचूकराव म्हणाले. "हरकत नाही म्हणजे वेळ बरोबर आहे."

"बरोबर आहे," लिपिक बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेलिफोन जवळ ओढला.

पुढच्या आठवड्यातल्या टपालात एक गठ्ठा आला. शिपायाने तो दोन्ही हातांनी आणून संचालकांच्या टेबलावर ठेवला. चाळीस दवाखान्यांच्या चाळीस हरकती. संचालकांनी अचूकरावांना बोलावून घेतले. त्यांना नियम आता तोंडपाठ झाला होता.

"दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याने जातीने पाहणी करायची. गाव सतरा मिनिटं, गाव सव्वीस मिनिटं..." ते यादीवरून बोट फिरवू लागले. "हे बघा, हे बेटावर आहे. आणि ही चार घाटापलीकडे. सोमवारपासून सुरू करा."

अचूकरावांचा गळ्यातला हात आपोआप वर आला. "सर, मला जेवायच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या."

ते धावतच टेबलाशी आले. उजवा हात चालत नव्हता, म्हणून डाव्या हाताने त्यांनी एकेक फाईल उघडली, 'लागणारा वेळ' खोडला, वर 'दोन दिवस' लिहिले, 'दवाखाना चालू ठेवावा' लिहिले आणि सही केली. अक्षर बालवाडीतल्या मुलाचे होते, पण मजकूर प्रथमच खरा होता. एकही गाव त्यांनी संगणकाला विचारले नाही. तिसाव्या फाईलपाशी त्यांच्या कपाळावर घाम आला, पस्तिसाव्यापाशी बोटांना रग लागली; ते थांबले नाहीत.

चाळिसावी फाईल हातात घेताना मात्र त्यांची नजर हरकतीच्या पत्रावर गेली. त्यांनी आधीची दोन पत्रे काढून शेजारी ठेवली, मग उरलेलीही सगळी. गावे वेगळी, सह्या वेगळ्या, शाई वेगळी. पण मजकूर एक. तीच वाक्ये, तोच क्रम, आणि चाळीसही पत्रांत 'आवश्यक' शब्दाच्या पुढे तोच एक नको असलेला स्वल्पविराम. असा स्वल्पविराम सबंध खात्यात एकच व्यक्ती देत असे, फोनवर मजकूर सांगतानासुद्धा, आणि तो काढून टाका म्हणून अचूकरावांनी तिला निदान शंभर वेळा सुनावले होते.

त्यांनी मान वर केली. समोरच्या टेबलावर लिपिक बाई पेन्सिलीला टोक काढत होत्या.

अचूकरावांनी पत्रे परत आपापल्या फाईलींत घातली. मग चाळिसाव्या फाईलवर सही केली आणि गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला.

"बघून घ्या एकदा," ते म्हणाले. "माझ्या मते सगळं बिनचूक आहे."